६४८ मिलिमीटरचा हिशेब

ब्रायन मेच्या गिटारचा नेक एका जुन्या शेकोटीतून निघाला आहे. ओळखीच्या कुणाकडे ती शेकोटी मोडीत निघाली होती. तिची चौकट महोगनीची, लाकूड शंभर वर्षं मुरलेलं. किड्यांनी पाडलेली भोकं त्याने काड्यापेटीतल्या काड्या ठोकून बुजवली. ही १९६३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि दुकानातली फेंडर किंवा गिब्सन परवडणारी नव्हती. वडील हॅरल्ड मात्र इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार, घरातली कुठलीही वस्तू स्वतः बनवू पाहणारे. बापलेकांनी लंडनजवळच्या आपल्या घरात काम सुरू केलं ते जवळजवळ दोन वर्षं चाललं. बॉडीला एका जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड. नेकवरच्या पांढऱ्या ठिपक्यांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. सूर लचकवणाऱ्या ट्रेमोलोला १९२८ सालच्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. त्या ट्रेमोलोचा दांडा सायकलच्या सीटमागे पिशवी अडकवायच्या सळीतून काढलेला आणि त्याच्या टोकाला आईची विणकामाची सुई.

या गिटारचं नाव रेड स्पेशल. क्वीन या ब्रायन मेच्या बँडच्या १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तला सोलो तिच्यावरच वाजला आहे. (त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा. महाराष्ट्राचा या गिटारशी एवढाच धागा, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) २००२ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा ब्रायन मे हीच गिटार घेऊन बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभा होता.

गोष्ट इतकी गोड आहे की ऐकणारा थेट भंगारवाल्याकडे निघतो. जावं, पण एक लक्षात ठेवावं. लाकूड भंगारातून आलं, स्प्रिंगा आल्या, बटणं आली. माप मात्र कुठल्याच भंगारात मिळत नाही. घरी पहिली गिटार बनवणाऱ्यांची फसगत बहुधा इथेच होते. ते लाकडावर महिनाभर खल करतात, रंगावर त्याहून जास्त, आणि फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, खाचा एका दुपारी उरकून टाकतात. मग गिटार दिसते छान आणि वाजते बेसूर. इलेक्ट्रिक गिटार बनवणं म्हणजे कुठे काटेकोर राहायचं आणि कुठे हात सैल सोडायचा, हे ओळखणं. हात सैल सोडता येतो अशा जागा पुष्कळ आहेत. काटेकोर राहायच्या थोड्याच आहेत, पण तिथे सवलत नाही.

आधी सैल जागा. साध्या गिटारमध्ये पोकळ पेटी आवाज मोठा करते, म्हणून तिचं लाकूड, जाडी, आतल्या पट्ट्या, सगळ्याला महत्त्व. इलेक्ट्रिक गिटारमध्ये आवाज उचलण्याचं काम तारेखालच्या चुंबकाकडे, म्हणजे पिकअपकडे, असतं. बॉडीने तारा घट्ट ताणून धरल्या की तिचं निम्म्याहून जास्त काम झालं. लेस पॉल या अमेरिकन वादकाने हे १९४० च्या सुमाराला करून दाखवलं. न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यात रविवारी, कामगार नसताना, त्याने चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या ओंडक्यावर नेक, तारा आणि पिकअप बसवले. त्या वाद्याला तो ‘लॉग’ म्हणायचा, म्हणजे ओंडकाच. वाजत चांगलं होतं, पण लोकांना ते गिटार वाटेना. तेव्हा त्याने एका पोकळ गिटारचे दोन अर्धे भाग कापून ओंडक्याच्या दोन बाजूंना पंखांसारखे चिकटवले. आवाजाच्या दृष्टीने ते नुसते शोभेचे होते. गिब्सन कंपनीने त्याची ही कल्पना आधी हसण्यावारी नेली आणि १९५२ मध्ये त्याच्याच नावाची गिटार बाजारात आणली.

दुसरा माणूस लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा, आणि स्वतःला गिटार वाजवता न येणारा. बहुधा म्हणूनच त्याला परंपरेचं ओझं नव्हतं. १९५० च्या आसपास आलेल्या त्याच्या गिटारची बॉडी म्हणजे सपाट फळी, आणि नेक चार स्क्रूंनी तिला आवळलेला. व्हायोलिनच्या घराण्यातल्या कारागिराला हे टेबलाचा पाय लावल्यासारखं वाटलं असेल, पण नवशिक्यासाठी याहून मोठा उपकार दुसरा नाही. चिकटवलेला नेक वाकडा बसला तर बसला. स्क्रूचा नेक चार वेळा काढून घासून पुन्हा लावता येतो. पहिली गिटार स्क्रूच्या नेकचीच करावी.

आता काटेकोर जागा. तारेची मोकळी लांबी, म्हणजे डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीपासून, जिला गिटारवाले नट म्हणतात, खाली तारा टेकतात त्या ब्रिजपर्यंतचं अंतर. फेंडरच्या बहुतेक गिटारमध्ये हे साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. एकदा ही लांबी ठरली की बाकीचे सगळे फ्रेट कुठे येणार हे गणिताने ठरतं, त्यात तुमच्या-माझ्या मताला जागा नाही.

तार अर्धी केली की सूर एक सप्तक वर जातो. मधल्या सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे, म्हणजे प्रत्येक फ्रेटला उरलेली तार एकाच ठराविक प्रमाणात लहान झाली पाहिजे, आणि अशा बारा पायऱ्यांनंतर ती बरोबर अर्धी उरली पाहिजे. हे प्रमाण म्हणजे दोनचं बारावं मूळ. ते व्यवहारात आणायचा सोपा मार्ग असा: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागा, येईल तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट. ६४८ भागिले १७.८१७ म्हणजे ३६.३७ मिलिमीटर, हा पहिला. उरले ६११.६३, त्याला पुन्हा भागलं की ३४.३३, म्हणजे दुसरा फ्रेट नटपासून ७०.७० वर. तिसरा १०३.१० वर. असं करत बारावा येतो बरोबर ३२४ वर, अगदी मध्यावर. तो मध्यावर आला नाही तर आकडेमोड चुकली समजा.

या भाजकाला इतिहास आहे. १५८१ मध्ये व्हिन्चेन्झो गॅलिली या इटालियन संगीतज्ञाने ल्यूट या वाद्यासाठी अठराने भागण्याचा नियम लिहून ठेवला. हा दुर्बिणीवाल्या गॅलिलिओचा बाप. आपल्या ६४८ च्या तारेला तो नियम लावला तर बारावा फ्रेट ३२१.६ वर पडतो, मध्याच्या सव्वादोन मिलिमीटरहून थोडा अधिक अलीकडे. तार दाबताना ती जराशी ताणली जाते आणि सूर थोडा चढतो, त्यामुळे ही चूक काही अंशी झाकली जायची. म्हणून अठराचा नियम कारागिरांच्या हाती पुढे कितीतरी काळ टिकला.

खाचा आखताना पट्टी दर वेळी नटपाशीच ठेवायची. पहिल्या फ्रेटपासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा असं मोजत गेलात की प्रत्येक वेळची केसभर चूक साचत जाते आणि विसाव्या फ्रेटपर्यंत तिचे दोन मिलिमीटर होतात. वरच्या फ्रेटमध्ये ते परवडत नाही. नट आणि पहिल्या फ्रेटमध्ये छत्तीस मिलिमीटर असतात. एकविसाव्या आणि बाविसाव्यामध्ये पावणेअकराच. तिथे एका मिलिमीटरची चूक म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ दहावा हिस्सा, आणि तेवढा फरक सामान्य कानालाही खुपतो. सतारीत हा प्रश्न असा उभा राहत नाही. मिरजेच्या कारागिराने बांधलेले पडदे धाग्याने दांडीला आवळलेले असतात, वाजवणारा रागाप्रमाणे ते वरखाली सरकवतो. गिटारचा फ्रेट लाकडात ठोकला की ठोकला.

खाच अर्ध्या मिलिमीटरहून किंचित रुंद लागते, म्हणजे फ्रेटची जीभ तिच्यात आवळून बसते. सुताराच्या नेहमीच्या करवतीचं पातं याच्या दुपटीने जाड असतं. तिने कापलेल्या खाचेत फ्रेट डुगडुगतो. ठोकून झाल्यावर सगळ्या फ्रेटचे माथे एका पातळीत आणायचे: माथ्यांवर मार्करची शाई फिरवायची, लांब सपाट कानस हलक्या हाताने ओढायची, आणि शाई कुठे उरली ते पाहायचं. उरली तो फ्रेट खोल गेलेला. तो जरा वर येईना तर बाकीचे त्याच्या पातळीला उतरवायचे.

हे सगळं वाचून धसका बसला असेल तर दोन पळवाटा आहेत, आणि दोन्ही मला सन्मान्य वाटतात. पहिली: फ्रेट बसवलेला तयार नेक विकत घ्या आणि बाकी सगळं स्वतः करा. ‘मग ती घरी बनवलेली कशी?’ असं विचारणारे भेटतील. त्यांना बारावा फ्रेट आखायला बसवावं. दुसरी पळवाट जास्त मजेची: फ्रेटच नको. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची हवाईयन गिटार करा. बाजारात यश मिळालेली पहिली इलेक्ट्रिक गिटार तशीच होती. १९३१-३२ च्या सुमाराला जॉर्ज बोशां आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी अॅल्युमिनियमची, लांब दांड्याच्या तव्यासारखी दिसणारी ही गिटार काढली आणि ‘फ्राइंग पॅन’ हेच तिचं नाव पडलं. आपल्याकडे व्हॅन शिप्लेंनी तर हिंदी सिनेमाची गाणी इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर वाजवून घराघरांत पोचवली. एक सरळ फळी, दोन टोकांना दोन पट्ट्या, एक पिकअप, सहा खुंट्या. मधल्या रेघा नुसत्या रंगाने काढल्या तरी चालतात, कारण सूर कांडी ठरवते.

लाकडाचं थोडक्यात. वखारीत सागवान मागाल तर मिळेल, पण सागाची पूर्ण आकाराची बॉडी अडीच-तीन किलोपर्यंत जाते आणि तासाभरात खांदा बोलायला लागतो. आतून पोकळ्या खोदून वजन उतरवता येतं. साग तेलकट असतो, त्यामुळे दोन फळ्या जोडायच्या आधी जोडाच्या कडा थिनरच्या फडक्याने पुसून घ्याव्यात, नाहीतर गोंद धरत नाही. पाडलेल्या वाड्यांच्या चौकटींतून निघणारा साग सगळ्यात उत्तम: ज्याला वळायचं, तडकायचं होतं ते वळून, तडकून झालेलं असतं. फक्त रंधा मारण्याआधी खिळे हुडकून काढा. फिंगरबोर्डसाठी शिसवीला तोड नाही. सह्याद्रीत वाढणारं हे लाकूड जगभरच्या गिटारवर असतं. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जातकुळीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले तेव्हा गिटार कंपन्यांची धांदल उडाली आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. आणि कोकणात असाल तर आषाढ-श्रावणात नेकचं काम काढू नका. त्या हवेत लाकूड ओल पितं, आणि दिवाळीनंतर ती ओल सोडताना वळतं.

नेक बॉडीला बसवण्याचा क्षण मला या सगळ्या कामात सर्वांत आवडतो. बॉडीत सोळा मिलिमीटर खोल खाच, तिच्यात नेक कागदही सरकणार नाही इतका घट्ट. स्क्रू पिळण्याआधी दोन पातळ दोरे घ्या आणि नटच्या पहिल्या आणि सहाव्या खाचेतून ब्रिज येणार असेल तिथपर्यंत ताणून धरा. आता वरून एक डोळा मिटून पाहा. दोन्ही दोरे नेकच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर चाललेत का? शेवटच्या फ्रेटशी एका बाजूला चार मिलिमीटर आणि दुसरीकडे दोन असतील, तर नेक तिरका आहे. खाचेच्या एका भिंतीवर पटाशीचा एक हलका हात, पुन्हा दोरे. नेक पक्का झाल्याखेरीज ब्रिजच्या स्क्रूची भोकं पाडू नका. नट ते बारावा फ्रेट मोजा, त्याची दुप्पट करा, तिथे ब्रिज. पातळ तारेला एवढं पुरतं. जाड तारांसाठी त्यांच्या खालचा आधार आणखी दोन-तीन मिलिमीटर मागे सरकण्याची सोय ठेवा. जाड तार दाबली की तिचा सूर जास्त चढतो, ती लांबी थोडी वाढवून भरून काढायची.

आता पिकअप. त्याचं तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं: तारेच्या वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की वेटोळ्यात वीज उमटते. गिटारची पोलादी तार खालच्या चुंबकामुळे स्वतःही चुंबकीय होते. ती सेकंदाला ११० वेळा थरथरली की वेटोळ्यात ११० वेळा वरखाली होणारा, दशांश व्होल्टच्या घरातला दाब उमटतो. नायलॉनच्या तारा लावल्या तर पिकअप मुका.

वेटोळं घरी गुंडाळता येतं, फक्त चिकाटी हवी. तार एनॅमलची, ०.०६३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाच्या जाडीची. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात पंख्यासाठी जी तार असते ती याहून कितीतरी जाड असते, तिने भागत नाही. पण त्या दुकानदाराशी ओळख करून घ्या. सारख्या ताणाने तार सोडण्याची त्याच्या बोटांतली कला पुस्तकात मिळणार नाही. एका पिकअपला आठ हजारांच्या आसपास वेढे लागतात, तार किलोमीटरभर जाते. बॉबिन ड्रिलला किंवा शिलाई मशीनच्या मोटरला लावायचं आणि तार बोटांत धरलेल्या फेल्टच्या तुकड्यातून सोडायची. वेढे मोजायला एक जुनी युक्ती आहे: साध्या कॅल्क्युलेटरचं ‘बरोबर’ हे बटण तारांनी बाहेर काढून एका रीड स्विचला जोडायचं आणि फिरणाऱ्या बॉबिनला एक छोटं चुंबक चिकटवायचं. एक अधिक एक दाबून ठेवलं की पुढे प्रत्येक फेऱ्याला आकडा आपोआप एकाने वाढतो. झाल्यावर मल्टिमीटर लावा. सहा हजार ओहमच्या आसपास दिसलं तर जमलं. काहीच दिसलं नाही तर आत कुठेतरी तार तुटली आहे, आणि ती सापडत नाही. पुन्हा पहिल्यापासून.

ब्रायन मेने आपले पिकअप स्वतःच बनवले होते. पण तार बोटाने आडवी ओढून सूर चढवला की आवाजात विचित्र खरखर यायची. शेवटी त्याने बर्न्स कंपनीचे तयार पिकअप घेतले आणि त्यांच्या आतली वेटोळी हलू नयेत म्हणून त्यांत अराल्डाइट ओतलं. सैल वेढे स्वतःच थरथरतात आणि अॅम्प्लिफायर मोठा केला की किंचाळतात. आपल्यासाठी अराल्डाइटपेक्षा मेण बरं: पॅराफिन गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पासष्ट अंशांच्या आसपास वितळवायचं, त्यात पिकअप बुडवायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं. मेणाचं भांडं थेट गॅसवर ठेवू नका, ते पेट घेतं.

एका वेटोळ्याचा पिकअप घरातल्या वायरिंगमधली ५० हर्ट्झची गुणगुणही इमानाने उचलतो. गिब्सनमध्ये सेथ लव्हरने १९५५ मध्ये तोड काढली: दोन वेटोळी शेजारी-शेजारी, उलट दिशेने जोडलेली, आणि चुंबकांची टोकंही उलटी. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, गुणगुण एकमेकींना खोडते. त्याला हम्बकर म्हणतात. बाकीचं वायरिंग अगदी किरकोळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत एका फेरीत सामान मिळतं. एका वेटोळ्याच्या पिकअपला २५० किलोओहमचे पोटेन्शियोमीटर, हम्बकरला ५०० चे, टोनसाठी ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सव्वा सहा मिलिमीटरहून थोडा मोठा, पाव इंची जॅक. आवाजाच्या पोटेन्शियोमीटरवर ‘ए’ अक्षर असलेला मागा, ‘बी’चा घेतलात तर बटण फिरवताना आवाज सारखा वाढल्यासारखा वाटत नाही. पोकळीला आतून तांब्याची पट्टी चिकटवा आणि ब्रिजला अर्थची तार न विसरता जोडा.

या शेवटच्या तारेमुळे एक खबरदारी ओघाने येते. गिटारमध्ये शॉक बसेल एवढी वीज नसते, पण तिच्या तारा अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि त्यांवर तुमची बोटं असतात. सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुना व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर तर स्वतः उघडूच नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात.

रंग हवा तो द्या. फक्त सुकायला पुरेसे दिवस द्या.

तारा चढवल्यावर सहा तारांचा मिळून ताण पंचेचाळीस किलोच्या आसपास होतो आणि नेक पुढे झुकतो. म्हणून नेकच्या पोटात पोलादी सळी असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम तार दाबून सातव्या-आठव्या फ्रेटशी पाहा: तार आणि फ्रेटच्या मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट असावी. जास्त असेल तर सळीचा नट पाव फेरा आवळा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा, लाकूड लगेच ऐकत नाही. मग प्रत्येक तार मोकळी आणि बाराव्या फ्रेटवर ट्यूनरला लावा. बारावा चढा निघाला तर ब्रिजवरचा आधार मागे न्या, उतरता निघाला तर पुढे. पाऊस सुरू झाला की हे सगळं एकदा पुन्हा करावं लागेल, आणि थंडीत पुन्हा.